शाळा उठून अंगणात गेली

डहाणूच्या पुढे घोलवड स्टेशन लागते आणि तिथून बोर्डी गाव जवळच. पश्चिमेला समुद्र, सुरूची बने, चिकूच्या वाड्या. पूर्वेला चढत गेलेल्या टेकड्या आणि त्यांच्या अंगाखांद्यावर विखुरलेले वारल्यांचे पाडे. १९४५ च्या डिसेंबरात, २४ तारखेला, ताराबाई मोडक यांनी इथे लहान मुलांसाठी काम सुरू केले तेव्हा त्यांचे वय ५३ होते. मुंबईत दादरला त्यांनी उभे केलेले शिशुविहार नावारूपाला आले होते. महाराष्ट्रात आणि गुजरातेत बालशिक्षणाची गोष्ट निघाली की त्यांचे नाव पहिल्यांदा घेतले जाई. या वयात माणसे सत्कार स्वीकारतात, फार तर आठवणी लिहायला घेतात. ताराबाईंनी नव्याने पाटी हातात घेतली, आणि तीही अशा ठिकाणी, जिथे त्यांची आजवरची निम्मी सामग्री निरुपयोगी ठरणार होती.

शाळा बदलायची म्हणजे नेमके कोणी बदलायचे? हल्ली या विषयावर शिबिरे होतात, तज्ज्ञ बोलावले जातात, मुख्याध्यापकांना नेतृत्वाचे धडे दिले जातात. त्या सगळ्याचा मथितार्थ बहुधा असा निघतो की शिक्षकांना आणि पालकांना नव्या वाटेवर कसे आणावे. ताराबाईंच्या आयुष्याकडे पाहिले की हा प्रश्न उलटा दिसू लागतो.

त्या मूळच्या केळकर. जन्म मुंबईचा, १९ एप्रिल १८९२ चा. घर प्रार्थना समाजाच्या वळणाचे, त्यामुळे मुलीने शिकावे की नाही यावर तिथे खल होण्याचे कारणच नव्हते. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. पुढच्या वर्षी लग्न झाले आणि त्या अमरावतीला गेल्या. यजमान वकील होते. हा संसार टिकला नाही. त्या काळी नवऱ्यापासून वेगळे होणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकांना फोड करून सांगायला हवे असे नाही. पदरी एक लहान मुलगी घेऊन त्या बाहेर पडल्या आणि राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्रमुखाच्या जागेवर रुजू झाल्या. त्या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय बाई.

इथे एखाद्याने आयुष्यभराची सोय झाली म्हणून निःश्वास टाकला असता. पगार होता, मान होता, हाताखाली माणसे होती. ताराबाई मात्र १९२३ साली ती नोकरी सोडून भावनगरला गेल्या, दुसऱ्याच्या हाताखाली काम करायला!

हे दुसरे म्हणजे गिजुभाई बधेका. पेशाने वकील, पण स्वतःच्या मुलाला कोणत्या शाळेत घालावे या विवंचनेतून शिक्षणाकडे वळलेले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर काढले होते. मुलांमध्ये ते असे रमत, की गुजरातेत लोक त्यांना मिशीवाली आई म्हणत. मार नाही, घोकंपट्टी नाही, बक्षिसाचे आमिष नाही. मूल आपल्या हाताने, आपल्या गतीने शिकते, मोठ्यांनी त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचे, असा त्यांचा खाक्या. विचार मादाम माँटेसरींचा, पण गिजुभाईंनी त्याला गुजराती घरातली भाषा आणि गोष्टी दिल्या. राजकोटच्या प्रमुख बाई इथे पुन्हा उमेदवार झाल्या. मला या आयुष्यातली ही जागा फार मोलाची वाटते. पुढे हजारो लोकांना बदला असे सांगणाऱ्या माणसाने आधी स्वतः पायरी उतरून पाहिली होती.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका आधी गुजरातीत निघत होती, १९३३ पासून ती मराठीतही निघू लागली. ही पत्रिका शिक्षकांइतकीच आईबापांसाठी होती. मुलाला मारू नका हे सांगणे आज सोपे वाटते. ज्या घरात आजोबांनी बापाला, बापाने मुलाला मारणे हाच संस्कार, त्या घरात महिन्यामागून महिने, न रागावता, तेच तेच समजावत राहायला वेगळ्याच प्रकारची चिकाटी लागते.

मग दादर. १९३६ साली हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. वस्ती मध्यमवर्गीयांची, सुशिक्षितांची. शिशुविहारात बालशिक्षकांना तयार करण्याचे अध्यापन मंदिरही चाले, आणि तिथून शिकून गेलेल्या बायकांनी आपापल्या गावी बालमंदिरे काढली. इथवरची कहाणी यशाची आहे आणि यशाच्या कहाण्यांना असते तशी थोडी सपाटही.

खरी गाठ पुढे आहे. माँटेसरी बाईंची पहिली शाळा १९०७ साली रोममध्ये, सान लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत, कामकऱ्यांच्या मुलांसाठी निघाली होती. तीच पद्धत आपल्याकडे येईपर्यंत पैसेवाल्यांची झाली. कारण साधे होते. दट्ट्यांच्या पेट्या, गुलाबी मनोरा, लांब जिना ही साधने मापात तंतोतंत हवीत, गुळगुळीत हवीत, म्हणजे महाग आली. खोली हवी, चटया हव्यात, शिकलेल्या बाई हव्यात. १९३९ मध्ये खुद्द मादाम माँटेसरी भारतात आल्या, युद्धामुळे इथेच राहिल्या, त्यांच्या वर्गांना ठिकठिकाणांहून शिक्षक गेले. पण खेड्यातले मूल या सगळ्याच्या बाहेरच राहिले. बँकेतल्या माझ्या नोकरीमुळे मला खर्चाचा रकाना आधी पाहण्याची खोड आहे. तो रकाना पाहिला की कळते, की ही पद्धत जशीच्या तशी खेड्यात नेणे कोणत्याही ताळेबंदात बसणारे नव्हते. पुष्कळांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला, की खेड्यांना अजून अवकाश आहे. ताराबाईंनी पद्धतच सोलून पाहिली, की तिच्यातले फळ कोणते आणि साल कोणती.

बोर्डीत आचार्य भिसे होते, गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा होती, कामाला पाठबळ होते. आणि ताराबाईंना साथ मिळाली अनुताई वाघ यांची. अनुताई मूळच्या मोरगावच्या, बालविधवा, शिकून पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झालेल्या. खेड्यात काम करायला कोण येईल, या प्रश्नाला ३५ वर्षांच्या या बाईंनी होकार दिला आणि त्या पुन्हा म्हणून परत गेल्या नाहीत.

ग्राम बालशिक्षा केंद्र असे नाव असलेली ही बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली त्या वस्त्यांतली मुले येईनात. आता इथे दोन माणसे दोन प्रकारे वागतात. एक म्हणतो, लोक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाची किंमत नाही. तो अहवाल लिहितो आणि मोकळा होतो. दुसरा उठून पाहायला जातो. या दोघी हरिजनवस्तीत गेल्या तेव्हा दिसले ते असे, की आई उजाडताच कामावर गेलेली, मोठी बहीण म्हणजे सहासात वर्षांची, तिच्या कडेवर वर्षाचे भावंड. हिने शाळेत यायचे कधी आणि कडेवरचे ठेवायचे कुठे? न येण्यामागे अडाणीपणा नव्हता, एका घराचा रोजचा हिशेब होता.

तेव्हा शाळा उठली आणि अंगणात गेली. वस्तीतलेच एखादे अंगण झाडून घ्यायचे. मुले जमली की आधी तोंडे धुवायची, नखे कापायची, केस विंचरायचे, अंघोळ घालायची. मग गाणे, गोष्ट, खेळ. गुलाबी मनोऱ्याऐवजी करवंट्या, दट्ट्यांऐवजी चिंचोके आणि गोटे, समुद्रावरचे शिंपले, झाडांची पाने, फुले, बांबूची कांडी, चिकणमाती. लहानमोठे ओळखणे, रंग लावणे, मोजणे, हाताला वळण लागणे, हे सारे त्यातून होत होते. मुळात साधनाने जे साधायचे ते साधत होते, नुसती त्याची किंमत गळून पडली होती. दारात उभी राहून आई किंवा आजी हे पाहत असे, आणि ते पाहणे हेही शिक्षणच होते. घराच्या चार भिंतींत जे पत्रिकेतून सांगून पोहोचले नसते, ते डोळ्यांदेखत घडत होते. मध्यवर्ती बालवाडीत अधिक वेळ आणि अधिक साधने, वस्तीत काही तासांची ही अंगणवाडी, अशी दुहेरी रचना हळूहळू बसत गेली. आज देशभर सरकारी फलकांवर दिसणारा अंगणवाडी हा शब्द या अंगणांतून आलेला आहे.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. तिथे बदल परिपत्रकाने येत असे. वरच्या कचेरीतून कागद आला, की उद्यापासून अमुक पद्धत. संगणक आले त्या दिवसांत शाखेतल्या जुन्या हेडकॅशियरला काय वाटते, हे विचारायला वरून कोणी आल्याचे मला आठवत नाही. मुलांच्या शाळांतही पुष्कळदा हेच चालते. पाठ्यपुस्तक बदलते, मूल्यमापन बदलते, बाई मात्र तीच, आणि तिने कालपर्यंत मन लावून केलेले काम एका रात्रीत चूक ठरते. मग ती कागदावर बदलते आणि वर्गात होती तशीच राहते. ताराबाईंच्या हाती परिपत्रक काढण्याइतका अधिकार नव्हता, हे एका परीने बरेच झाले म्हणायचे. त्यांना माणसांना वळवावे लागले, आणि त्यासाठी दर वेळी स्वतः दोन पावले चालावी लागली.

१९५७ साली काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलले. आता भोवती वारल्यांचे पाडे. हा मुलूख काय सोसून बसला होता हे विसरता येत नाही. १९४५ सालीच गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभे केले होते. बाहेरून आलेला पांढरपेशा माणूस म्हणजे जमीनदाराचा, सावकाराचा किंवा सरकारचा, असा इथल्या लोकांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. त्यात शाळेची बाई बोलते ती मराठी वेगळी आणि घरात बोलली जाते ती वारली वेगळी. अशा ठिकाणी विश्वास मागून मिळत नसतो.

इथे आणखी एक अडचण पुढे आली. जरा मोठी झालेली मुले गुरांमागे जात. गुरे सोडून ती शाळेत येणार नाहीत, आणि आली तर घरचे येऊ देणार नाहीत. पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा उत्तर त्याच वळणाचे. शाळा कुरणात गेली. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, मोजायला गुरे आहेत आणि लिहायला जमीन आहे, अशी ही कुरणशाळा. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणण्याच्या या प्रयोगाला विकासवाडी असे नाव मिळाले. मोठी बहीण शिकत असताना कडेवरचे भावंड शेजारच्याच खोलीत, हाकेच्या अंतरावर. बोर्डीच्या वस्तीत पडलेल्या कोड्याची उकल अशी बारा वर्षांनी इमारतीच्या आराखड्यात उतरली.

अनुताईंविषयी आणखी थोडे लिहिले पाहिजे. मोठ्या माणसांच्या सावलीत काम करणारी माणसे बहुधा सावलीतच राहतात. इथे तसे झाले नाही. विचार, लेखन, शास्त्राची बैठक ताराबाईंची, पण पाड्यावर रोजचे उभे राहणे अनुताईंचे, आणि ते काम त्यांचेच राहू देण्याइतके शहाणपण ताराबाईंपाशी होते. वयाने १८ वर्षांचे अंतर, दोघींच्या घडणीत जमीनअस्मानाचा फरक. एक मुंबईच्या सुधारक घरातली पदवीधर, दुसरी खेड्यातून वर आलेली. कुटुंबासारख्या एकत्र राहणाऱ्या संस्थांत कुरबुरी होत नाहीत असे समजण्याइतका मी भोळा नाही. पण संस्था काढणारा माणूस गेला की दाराला कुलूप लागते, हा आपल्याकडचा नित्याचा अनुभव कोसबाडला आला नाही.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अनुताईंनी त्यानंतर १९ वर्षे, १९९२ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत, काम पुढे चालवले.

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ गटांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पुढे ती गावोगाव पसरली. आहार, लसीकरण, वजन, आरोग्य तपासणी ही तिची कामे मोलाची आहेत, त्यांनी पुष्कळ मुले वाचली. पण मुलाचे शिकणेही त्या योजनेत होते, आणि तेच अनेक ठिकाणी मागच्या बाकावर गेले. नावाबरोबर अंगण आले, चिंचोके आणि गाणी सगळीकडे आली नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासून आठ वर्षांपर्यंतचे शिक्षण सलग मानले, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याचे मोठे कौतुक झाले. कोसबाडच्या टेकडीवर ती सलगता पन्नाशीच्या दशकातच एका छपराखाली आली होती, हे त्या कौतुकात फारसे कोणी लिहिले नाही.

डहाणू, तलासरी हा सगळा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथल्या पाड्यापाड्यांवर आज अंगणवाडी सेविका आहेत, बहुतेक त्याच भागातल्या, मुलांची बोली जाणणाऱ्या. ताराबाईंना हेच हवे होते. सेविकेच्या हातात आता मोबाईल असतो. किती मुले आली, कोणाचे वजन किती, आहार कोणाला दिला, ते त्यात भरायचे. शिवाय सर्वेक्षणे येतात, बैठका येतात. हे सगळे आटोपून अंगणात मुलांबरोबर मांडी घालून बसायला तिला किती वेळ उरतो, हे तिच्यापाशी जाऊन कोणीतरी विचारायला हवे.