सावित्रीबाईंचा दवाखाना

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव खंडोजी नेवसे पाटील व आईचे नाव लक्ष्मीबाई होते. १८४० साली त्यांचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाले. तेव्हा सावित्रीबाई नऊ वर्षांच्या होत्या, म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जोतीरावांनी त्यांना शिकवले. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. लोक त्यांच्या अंगावर शेण आणि दगड टाकत. हे तर सगळ्यांना पाठच आहे. आमच्या शाळेत ३ जानेवारीला अकरा मुलांची भाषणे झाली, त्यातल्या नऊ भाषणांत शेण होते. म्हणून मी ते जास्त लिहीत नाही. बाईंनी मला कपाटातले एक जाड पुस्तक दिले, त्यात दवाखान्याची माहिती होती. मी ती लिहितो.

पण दवाखान्याच्या आधी आणखी एक गोष्ट झाली. पुण्यात एक काशीबाई नावाची विधवा बाई होती. तिला एका माणसाने फसवले आणि तिला मूल झाले. त्या काळी विधवेला मूल झाले तर लोक तिला जगू देत नसत. भीतीने तिने ते बाळ मारून विहिरीत टाकले. पोलिसांनी तपास केला, तिच्यावर खटला चालला आणि तिला अंदमानला काळ्या पाण्यावर पाठवले. फसवणारा माणूस मोकळा राहिला. बाळ कोणी मारले हे पोलिसांनी शोधले. पण का मारले याचा विचार जोतीराव आणि सावित्रीबाईंनी केला. मला हा खरा तपास वाटतो. त्यांनी १८६३ साली स्वतःच्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुपचूप येऊन बाळंत व्हा, बाळ न्या नाहीतर इथेच ठेवा, असे कागद त्यांनी भिंतींवर लावले. सावित्रीबाई स्वतः बायकांची बाळंतपणे करत आणि बाळांना सांभाळत. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. १८७४ साली अशाच एका विधवा बाईचे बाळ त्यांनी दत्तक घेतले, त्याचे नाव यशवंत. तो मोठा होऊन डॉक्टर झाला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी भांडण काढले, कारण यशवंत दत्तक होता. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले आणि पुढे चालल्या. आमच्या गावात मी अजून कोणत्याही बाईला टिटवे धरलेले पाहिले नाही. पुढे सत्यशोधक समाजाचे काम त्याच बघू लागल्या.

आता प्लेग. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात माणसे पटापट मरू लागली. कशाने मरतात ते कळेना. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोगी तपासून हा गाठीचा प्लेग आहे हे ओळखले. ते मूळचे गोव्याचे. प्लेगमध्ये खूप ताप येतो आणि काखेत, जांघेत गाठ येते. मग तो पुण्यात आला. आधी उंदीर मरायचे, मग माणसे. उंदरावरच्या पिसवा चावून प्लेग होतो हे १८९८ साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी शोधले. म्हणजे सावित्रीबाईंना ते माहीत असणे शक्यच नव्हते. औषध पण नव्हते. सरकारी लोक धरून नेतील म्हणून घरचे लोक आजारी माणसाला लपवून ठेवत.

यशवंतराव लष्करात डॉक्टर होते. १८९७ च्या सुरुवातीला सावित्रीबाईंनी त्यांच्याकडून पुण्याजवळ हडपसरला ससाणे यांच्या माळावर दवाखाना सुरू करून घेतला. दवाखाना गावाबाहेर उघड्यावर होता. यशवंतराव तपासायचे आणि सावित्रीबाई रोगी आणायच्या, त्यांची सेवा करायच्या. तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. माझी आजी तेवढीच आहे, तिला हंडा उचलत नाही.

माझी आत्या नर्स आहे. २०२० साली कोरोनात ती पांढरा किट, मास्क आणि हातमोजे घालून कामाला जायची, तरी आजी दारात उभी राहून रडायची. दोन महिने आत्या आम्हाला लांबूनच बघायची. सावित्रीबाईंकडे मास्क नव्हता की हातमोजे नव्हते, नुसते लुगडे. मी आत्याला विचारले की मग त्या का गेल्या. आत्या म्हणाली की रोग्याला कोणीतरी उचलावेच लागते.

मुंढवा गावाबाहेरच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाच्या मुलाला प्लेग झाल्याचे सावित्रीबाईंना कळले. अशा मुलाला त्या काळी बरे असतानाही कोणी शिवत नसे, मग प्लेगमध्ये कोण शिवणार? सावित्रीबाई तिथे गेल्या, त्याला पाठीवर घेतले आणि हडपसरच्या दवाखान्यात आणले. मी नकाशात बघितले, मुंढवा ते हडपसर काही जवळ नाही. पांडुरंग बरा झाला.

पण सावित्रीबाईंना प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. यशवंतरावांनी रोग्यांना तपासणे पुढेही सोडले नाही. १९०५ साली अहमदनगरला प्लेगच्याच रोग्यांची सेवा करताना तेही प्लेगने वारले. त्या गावाला आता अहिल्यानगर म्हणतात.

हडपसरला आता ससाणेनगर नावाचा भाग आहे. सोलापूर रस्त्याने एसटीतून पुण्याला जाताना हडपसर लागते. तिथे मोठा पूल आणि खूप दुकाने आहेत, माळ कुठे दिसत नाही. मी खिडकीतून दोनदा शोधला.