डोंगरातल्या बायांची चित्रकार

तुम्ही ड्रॉइंग मास्तर, स्मरणिकेला काहीतरी लिहून द्याच, असं सेक्रेटरींनी मला जिन्यातच धरून सांगितलं. सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास दुसरे लिहिणार आहेत, त्यामुळे मी माझ्या आवडीचा विषय घेतलाय, चित्रकार अमृता शेरगिल. नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं, चित्रं थोड्यांनी पाहिलेली असतात.

मला ती पहिल्यांदा भेटली पोस्टाच्या तिकिटावर. १९७८ साली तिच्या 'पहाडी स्त्रिया' या चित्राचं तिकीट निघालं होतं. आमच्या ताईने ते कुणाच्या तरी पाकिटावरून पाण्यात भिजवून सोडवलं आणि आपल्या चित्रकलेच्या वहीत चिकटवलं. डोक्यावरून कपडा घेतलेल्या सावळ्या बाया, गप्प उभ्या. ताई म्हणायची, या आपल्या खारेपाटणच्या स्टँडवर एसटीची वाट बघणाऱ्या बायांसारख्या दिसतात. तेव्हा मी हसलो होतो.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ चा, बुडापेस्ट शहरातला. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. वडील उमरावसिंग पंजाबातल्या मजिठिया सरदार घराण्यातले, संस्कृत आणि फारसीचे अभ्यासक, शिवाय फोटोग्राफीचं वेड असलेले. आई हंगेरियन, ऑपेरा गाणारी. पाठीवर एक बहीण, इंदिरा. पहिलं महायुद्ध लागलं आणि हे कुटुंब हंगेरीतच अडकून पडलं. १९२१ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि सिमल्याला राहिले. मुलीचा हात चांगला आहे हे घरच्यांनी वेळेवर ओळखलं आणि १९२९ मध्ये, ती सोळा वर्षांची असताना, अख्खं कुटुंब तिच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेलं. हे वाक्य लिहिताना मी दरवेळी अडखळतो. कारण पुढे सांगतो.

पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझार्त तिचं नाव, ल्युसियें सिमों या शिक्षकांच्या हाताखाली ती शिकली. मॉडेल समोर बसवून तैलरंगात काम करायची तिथली पद्धत तिने चांगलीच पचवली. 'तरुण मुली' या चित्राला १९३३ मध्ये तिथल्या मोठ्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं आणि तिला त्या संस्थेचं सहसभासदत्वही दिलं गेलं. वय अवघं वीस. दुसरी कोणी असती तर तिथेच राहिली असती. ही १९३४ च्या अखेरीला इकडे परत आली. आपल्याला काढायची चित्रं हिंदुस्थानातच सापडतील, असं तिला वाटत होतं.

स्वभाव मात्र मऊ नव्हता. १९३५ मध्ये सिमल्याच्या प्रदर्शनाने तिची काही चित्रं नाकारली आणि एका चित्राला बक्षीस दिलं. तिने ते बक्षीस परत पाठवलं. बंगाली शैलीवर आणि नावाजलेल्या माणसांवर ती उघड टीका करायची. त्यामुळे शत्रू भरपूर झाले. माझ्या मते तिचं सगळंच बरोबर नव्हतं, पण स्वतःच्या कामालाही ती तितकीच कडक होती.

आता आपल्या महाराष्ट्राचा भाग. १९३६ च्या अखेरीला ती मुंबईला आली. ताजमहाल हॉटेलात तिची चित्रं मांडली गेली. इथे तिची ओळख कार्ल खंडालावाला यांच्याशी झाली. पेशाने वकील, पण चित्रांची नजर असलेला माणूस. तिची चित्रं काय आहेत हे ज्यांनी तेव्हाच ओळखलं, त्यांतले ते एक. मग ती वेरूळ-अजिंठ्याला गेली, आणि अजिंठ्याने तिला पार हलवून टाकलं.

अजिंठा मी शाळेच्या सहलीबरोबर तीनदा पाहिलाय. पोरांना माकडं दिसतात, मास्तराला हजेरीची काळजी. तरी त्या अंधाऱ्या लेण्यात डोळा सरावला की भिंतीतून माणसं बाहेर येऊ लागतात. सगळे मातीचे रंग, गेरू, पिवडी. गोलाई दाखवायला पॅरिससारखा उजेड-सावलीचा खटाटोप फारसा नाही, रेषाच शरीराला वळण देते. पॅरिसचं पदक घेतलेल्या मुलीने इथे उभं राहून मान्य केलं की आपल्याला अजून शिकायचंय. मला तिच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

तिथून ती दक्षिणेत कन्याकुमारीपर्यंत गेली, कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यातली भित्तिचित्रं पाहिली आणि १९३७ मध्ये तीन मोठी चित्रं केली: 'वधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' आणि 'बाजाराला निघालेले दक्षिणेतले खेडूत'. अजिंठ्याचे रंग त्यांत सरळ दिसतात. त्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या 'तीन मुली' या चित्राला सुवर्णपदक दिलं. तिघी शेजारी बसल्यात, पण एकीचं दुसरीकडे लक्ष नाही. आपलं पुढे काय होणार हे दुसरं कुणीतरी ठरवतंय, अशा बसल्यात.

कौतुक झालं, विक्री नाही. हैदराबादच्या सालारजंग नवाबांनी चित्रं पाहायला ठेवून घेतली आणि शेवटी परत केली. १९३८ मध्ये हंगेरीत जाऊन तिने आपल्या मावसभावाशी, डॉक्टर व्हिक्टर एगन यांच्याशी लग्न केलं. परत येऊन दोघं गोरखपूरजवळ सराया इथे, नातेवाइकांच्या साखर कारखान्याच्या गावी राहिले. दुपारी खाटेवर पडलेल्या बाया, झोपाळा, हत्ती अशी चित्रं तिथली.

सप्टेंबर १९४१ मध्ये ती लाहोरला गेली. डिसेंबरात प्रदर्शन ठरलेलं होतं. ते होण्याआधीच आजारी पडली आणि ५ डिसेंबरच्या रात्री गेली. वय अठ्ठावीस. आजार नेमका कोणता, यावर अजून एकमत नाही. त्याच दिवसांत ब्रिटनने हंगेरीशी युद्ध पुकारलं आणि नवऱ्याला शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून अटक झाली. घरातून दिसणारं एक दृश्य ती रंगवत होती, त्यात म्हशी आहेत. ते अर्धंच राहिलं.

२०२३ मध्ये तिचं १९३७ मधलं एक चित्र ६१.८ कोटींना विकलं गेलं. आपल्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा आकडा ऐकून ज्यांना घेरी आली होती, त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

आता माझं कारण. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, दोन्ही परीक्षांत ताईला ए ग्रेड होती, मला सी. घरात कोल्हापूरला एकालाच पाठवण्याइतके पैसे होते. मी गेलो. ताईच्या लग्नाची बोलणी चालू होती. तेव्हा मी एक शब्द बोललो नाही आणि पुढे बत्तीस वर्षं पोरांना फुलदाणी काढायला शिकवली.

मागच्या वर्षी ताईला घेऊन दिल्लीला गेलो. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'तीन मुली' समोर ती बराच वेळ उभी राहिली. मधल्या मुलीच्या खांद्याची रेषा हवेत बोटाने काढून बघत होती, तेव्हा पहारेकऱ्याने तिला मागे व्हायला सांगितलं. घरी पोचेपर्यंत ती त्याविषयी काही बोलली नाही. चार दिवसांनी सकाळी सातला फोन आला, सहा नंबरचा ब्रश आहे का रे तुझ्याकडे म्हणून.