अरण्यवाटेवरील संत जोसेफ वाझ

सोलापुराहून नान्नजकडे जातांना लागणाऱ्या माळावर मेंढरें राखणाऱ्या धनगरास रात्र म्हणजे काय, हें सांगावयास नको. काळोख पडला कीं लांडग्यांची चाहूल लागते, कुत्रीं भुंकूं लागतात आणि कळपाचा धनी घोंगडी पांघरून जागत बसतो. भीति त्यालाही वाटते. परंतु ती वाटते म्हणून तो कळप सोडून घरीं जात नाहीं. आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगीं ज्या साधुपुरुषाचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे, ते असेच एक मेंढपाळ होते. त्यांचा कळप मात्र समुद्रापलीकडे, हत्ती, अस्वलें व बिबटे यांच्या रानांत विखुरलेला होता.

संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं गोव्यांतील बाणावली येथें झाला. त्यांचें घराणें सांकवाळचें. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढील वर्षीं, ५ ऑगस्ट १६७७ रोजीं, आपण पवित्र मरियेचे दास झालों आहों, असें पत्र त्यांनीं लिहून ठेविलें. पुढें ज्या ज्या संकटांत ते शिरले, त्यांचें मर्म या पत्रांत आहे, असें आम्हांस वाटतें. जो एकदां दास झाला, त्याची आपल्या जिवावर मालकी उरत नाहीं. आणि जें आपलें नाहीं, तें हरपण्याचें भय माणसास फार वेळ धरून ठेवूं शकत नाहीं.

१६८१ ते १६८४ पर्यंत त्यांनीं कानडा प्रांतांत धर्मसेवा केली. परंतु त्यांचें चित्त सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे, लागलें होतें. १६५८ सालीं डच लोकांनीं जाफना घेतलें आणि आपल्या मुलखांत कॅथॉलिक पाद्र्यांस बंदी केली. तेथील ख्रिस्तजन गुरूवांचून उघडे पडले. १६८७ सालीं जोसेफ वाझ हे जॉन नांवाच्या एका विश्वासू सोबत्यासह मजुराच्या वेषांत तेथें उतरले. जाफन्यांत अतिसारानें ते मरणाच्या दारीं पोंचले. बरे झाल्यावर गळ्यांत मोठी जपमाळ घालून ते दारोदार भीक मागत फिरले; ती माळ पाहून कोणाचे डोळे ओलावतात, यावरून आपलीं माणसें ते ओळखीत. पुढें डचांचा जाच वाढला, तेव्हां ते पुत्तलम येथें गेले, व १६९२ सालीं तेथून कांडीस.

येथून अरण्याचा खरा प्रवास सुरू झाला. वन्नीचें रान, पुत्तलम व कांडी यांच्यामधील जंगल, पूर्वेकडील त्रिंकोमलीच्या वाटा, हे सारे टापू त्यांनीं पायीं तुडविले. त्या बेटांत वाघ नाहीं. परंतु म्हणून निश्चिंत व्हावें, अशी सोय नाहीं. अस्वलाची दृष्टि मंद. माणूस अवचित समोर आला कीं तें बिचकून अंगावर येतें. रानहत्तींचा कळप पाणवठ्याची वाट धरतो, आणि तहानेल्या वाटसरूसही त्याच वाटेनें जावें लागतें. दिवस मावळतां कोरडीं लांकडें गोळा करून जाळ पेटवावा आणि तो विझूं नये म्हणून पाळीपाळीनें जागावें, हाच अशा रानांत उपाय. या संताजवळ शस्त्र नव्हतें. होतें तें मिस्सेच्या साहित्याचें गांठोडें व जपमाळ.

श्वापदांनीं त्यांस इजा केली नाहीं, असें भाविक सांगत आले आहेत. त्या कथांचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. तथापि आमच्या मनास अधिक भिडतें तें हें, कीं ज्या वाटेवरून एकदां ते सुखरूप सुटून आले, त्याच वाटेनें ते पुन्हां गेले. कारण पलीकडे कोणी आजारी होता, कोणाच्या मुलास बाप्तिस्मा हवा होता. श्रद्धा असली कीं भीति वाटतच नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु गेथसेमनीच्या बागेंत खुद्द प्रभु येशू व्याकुळ झाले होते. ज्यांनीं ती रात्र भोगली, तेच आपल्या रात्रींत सोबतीस येतात.

श्वापदांपेक्षां माणसांनीं त्यांस अधिक छळिलें. कांडीस पाय ठेवतांच हेर समजून त्यांस कैद करण्यांत आलें. पुढें १६९६ सालीं अवर्षण पडलें असतां त्यांच्या प्रार्थनेनंतर पाऊस पडला, असें परंपरा सांगते; आणि राजा दुसरा विमलधर्मसूर्य यानें त्यांस मोकळीक दिली. १६९७ सालीं देवीची साथ उसळली. आप्तांनींच टाकलेल्या रोग्यांस हुडकून जोसेफ वाझ व गोव्याहून आलेले पाद्री कार्व्हाल्यो यांनीं त्यांची शुश्रूषा केली.

येथें एक गोष्ट आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. २०२० सालच्या महामारींत एका रोग्याच्या दारांत आमचें पाऊल अडखळलें होतें. इतरांस धीराचीं प्रवचनें देणारे आम्ही, उंबरठ्यावर क्षणभर परत फिरण्याचाच विचार करीत होतों. तेव्हां या संताची आठवण झाली. भीति गेली नाहीं, हात कांपतच होते. पण आम्ही आंत गेलों व त्या माणसास अभ्यंगसंस्कार दिला.

१६ जानेवारी १७११ रोजीं कांडी येथें जोसेफ वाझ प्रभूच्या घरीं गेले. पवित्र पिता दुसरे जॉन पॉल यांनीं २१ जानेवारी १९९५ रोजीं त्यांस धन्य म्हणून, आणि पवित्र पिता फ्रान्सिस यांनीं १४ जानेवारी २०१५ रोजीं संत म्हणून जाहीर केलें. हे दोन्ही सोहळे कोलंबोंतच झाले.

प्रिय धर्मग्रामस्थहो, आपल्या सोलापुरांत रानहत्ती नाहींत. पण पोटाची भ्रांत, घरांतील दुखणें, एकटेपणाची रात्र, हीं श्वापदें कोणाच्या दाराशीं येत नाहींत? या महोत्सवाच्या आनंदांत शेजारीं कोणी अशा रात्रीं एकटा जागत असेल, तर त्याच्या जाळांत एक लांकूड आपलेंही पडो.

संत जोसेफ वाझ, आम्हांसाठीं विनंती करा.