उसाच्या तुऱ्यावर उभे राहिलेले आयुष्य

नोव्हेंबर उजाडला की करवीर तालुक्यातील उचगावच्या शिवारात, आणि एकूणच पंचगंगेच्या खोऱ्यात, उभ्या उसावर चंदेरी तुरे डोलू लागतात. वाटसरूला ते देखणे वाटतात. शेतकऱ्याच्या डोळ्यांत मात्र सलतात. तुरा आला की उसाची वाढ खुंटते. तोड लांबली तर कांड्यांत दशी पडते, पांगशा फुटतात, वजन आणि साखर दोन्ही घटतात. शेतकऱ्याला नकोशा वाटणाऱ्या याच तुऱ्याच्या भांडवलावर सर टी. एस. वेंकटरामन यांनी भारतीय उसाचे रूप पालटून टाकले.

१८८४ साली जन्मलेले वेंकटरामन कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात चार्ल्स बार्बर यांच्या हाताखाली घडले. केंद्राची स्थापना १९१२ ची. त्या काळी देशात जावाची साखर येत होती आणि उत्तर हिंदुस्थानातील ऊस काडीसारखा बारीक होता. नवे वाण हवे तर संकर हवा आणि संकराला फूल हवे. ऊस तर पिढ्यान्पिढ्या कांडी लावूनच वाढविलेला. त्याच्या बियांपासून रोपे होतात, हे जावा आणि बार्बाडोस येथे १८८७-८८ च्या सुमारास सिद्ध झाले होते. उत्तरेत तुरा क्वचितच येई आणि आला तरी बहुधा वांझ ठरे. कोइमतूरला मात्र तो भरघोस येई व बीही धरे.

असे का, याचे उत्तर तेव्हा कोणाजवळच नव्हते. वनस्पतीचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी अमेरिकेत १९२० मध्ये दाखविले. पावसाळ्याच्या उत्तरार्धात दिवस साडेबारा तासांच्या आसपास येऊन हळूहळू आखडू लागतो, तेव्हा उसाची पाने तो बदल टिपतात आणि शेंड्याला संदेश धाडतात. हा संदेश नेणारे प्रथिन प्रयोगांतून स्पष्ट व्हायला २००७ साल उजाडले. कोइमतूर अकराव्या अक्षांशावर असल्याने तेथे दिवस संथपणे लहान होतो, रात्री उबदार राहतात. उत्तरेत दिवस झपाट्याने आखडतो आणि पाठोपाठ थंडी येते. उचगाव या दोहोंच्या मधले.

वेंकटरामन यांच्या काळात हाती होते ते निरीक्षण आणि चिकाटी. केंद्राचा पहिला गाजलेला वाण ‘को २०५’ १९१८ चा. जाड, रसाळ उसाचा संकर चक्क रानटी काशगवताशी केलेला! गोडवा मातेकडून, काटकपणा पित्याकडून. ही वाट बार्बर यांनी आखली. तिचा राजमार्ग वेंकटरामन यांनी केला. १९१९ मध्ये बार्बर गेल्यावर केंद्राची धुरा त्यांच्याकडे आली. उसाच्या प्रत्येक बियाचे रोप वेगळे निपजते. त्यामुळे हजारो रोपे वाढवायची आणि त्यांतून मोजकीच ठेवायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि कारखाने भराभर उभे राहिले. त्यांना पुरेल असा ऊस शेतात होता, तो कोइमतूरच्या वाणांमुळे. दख्खनमध्ये ‘को ४१९’ ने जुन्या पुंड्या उसाला मागे सारले.

प्रयोगांची हौस त्यांना दूरवर घेऊन गेली. लवकर तयार होणाऱ्या उसासाठी त्यांनी ज्वारीशी संकर केला. बांबूशीही केल्याचे जाहीर केले. बांबूच्या संकराविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या, ज्वारीचा मात्र टिकला. १९३७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद लाभले, तेव्हा भाषणासाठी त्यांनी ऊस न निवडता भारतीय खेडे हा विषय निवडला. १९४२ मध्ये ते निवृत्त झाले. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात पाडेगावच्या केंद्राने प्रसारित केलेला ‘को ८६०३२’, म्हणजे नीरा, हाही कोइमतूरच्याच संकरातून आलेला. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने पुढे आपले पैदास केंद्र काढले ते आंबोलीच्या घाटमाथ्यावर, कारण तेथे उसाला तुरा चांगला येतो.