जॉन हेन्री स्टील

जॉन हेन्री स्टील (जन्म: इ.स. १८५५, मृत्यू: जानेवारी १८९१, मुंबई) हे ब्रिटिश भारतातील लष्करी पशुवैद्यक, शरीररचनाशास्त्राचे अध्यापक आणि पशुरोगांवरील ग्रंथकार होते. मुंबईतील परळ येथे १८८६ साली सुरू झालेल्या बॉम्बे व्हेटरनरी कॉलेजचे ते पहिले प्राचार्य. घोडे, उंट, खेचरे व गुरे यांच्या रक्तात आढळणाऱ्या आणि सर्रा हा रोग उत्पन्न करणाऱ्या परजीवीला इव्हान्सी हे जातिनाम त्यांनीच १८८५ मध्ये दिले. त्या परजीवीचे त्यांनी केलेले वर्गीकरण चुकीचे ठरले, परंतु त्यांनी दिलेले नाव आजही प्रचलित आहे.

== प्रारंभिक जीवन ==

स्टील यांचे वडीलही लष्करातील पशुवैद्यक होते. जॉन स्टील यांचे शिक्षण लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजात झाले आणि पदवीनंतर काही वर्षे त्यांनी तेथेच शरीररचनाशास्त्र शिकवले. घोड्याच्या शरीररचनेवरील त्यांचे पाठ्यपुस्तक १८७६ मध्ये, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या आसपास प्रसिद्ध झाले. गुरांच्या रोगांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १८८१ मध्ये निघाला. १८८२ मध्ये ते लष्करी पशुवैद्यक म्हणून भारतात आले.

भारतात त्या वेळी पशुवैद्यकाचे शिक्षण जवळजवळ संपूर्णपणे लष्कराच्या गरजेपुरते होते. पुण्यात १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली होती आणि लाहोरचे महाविद्यालय १८८२ मध्ये नुकतेच सुरू झाले होते. घोडदळ, तोफखाना आणि वाहतूक दलातील खेचरे-उंट आजारी पडले तर त्यांच्याकडे पाहणारे अधिकारी विखुरलेल्या छावण्यांत एकेकटे काम करीत आणि एकाचे निरीक्षण दुसऱ्यापर्यंत पोहोचत नसे. ही अडचण ओळखून स्टील यांनी फ्रेडरिक स्मिथ या सहकाऱ्याबरोबर भारतातील पशुवैद्यकशास्त्र व लष्करी जनावरांची निगा या विषयांना वाहिलेले एक त्रैमासिक चालवले. स्मिथ पुढे ब्रिटिश लष्करी पशुवैद्यक सेवेचे प्रमुख आणि त्या शास्त्राचे नामांकित इतिहासकार झाले.

== सर्रा रोगाची पार्श्वभूमी ==

स्टील यांचे ब्रह्मदेशातील काम समजण्यासाठी त्याआधीच्या पाच वर्षांतील एक घटना लक्षात घ्यावी लागते. १८८० मध्ये पंजाबातील डेरा इस्माइल खान भागात लष्कराचे घोडे व उंट मोठ्या संख्येने मरत होते. ताप येई, उतरे, पुन्हा येई; जनावर खात असूनही झिजत जाई; पायांवर व पोटाखाली सूज चढे आणि डोळ्यांची अंतस्त्वचा फिकट पिवळी पडे. स्थानिक लोक या रोगाला सर्रा म्हणत. सडलेला या अर्थाच्या शब्दावरून ते नाव आले आहे. तपासासाठी पाठवलेले पशुवैद्यक ग्रिफिथ इव्हान्स यांनी आजारी जनावरांचे ताजे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तांबड्या पेशींच्या मधून वेगाने वळवळत जाणारे सजीव त्यांना दिसले. आजारी जनावराचे रक्त निरोगी घोड्याला व कुत्र्याला देऊन त्यांनी तोच रोग उत्पन्न करून दाखवला आणि हे सजीवच रोगाचे कारण आहेत, असा निष्कर्ष काढला.

हा निष्कर्ष त्या काळच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मानला नाही. त्यामागे केवळ दुराग्रह नव्हता. कलकत्त्यात टिमोथी लुइस यांनी अगदी थोड्याच काळापूर्वी निरोगी उंदरांच्या रक्तात याच प्रकारचे सजीव पाहिले होते आणि त्या उंदरांना काहीही झालेले नव्हते. रक्तात परजीवी सापडला म्हणजे तोच रोगाचे कारण, असे म्हणता येत नाही, हा आक्षेप तर्काला धरूनच होता. दोन भिन्न जातींचे परजीवी दिसायला सारखे असूनही एक निरुपद्रवी आणि दुसरा प्राणघातक असू शकतो, हे मात्र तेव्हा कोणाला सांगता येत नव्हते. इव्हान्स यांचा अहवाल पंजाब सरकारच्या लष्करी विभागाने डिसेंबर १८८० मध्ये छापला आणि तो दप्तरात राहिला.

== ब्रह्मदेशातील तपास (१८८५) ==

ब्रिटिश ब्रह्मदेशातील वाहतूक दलाच्या खेचरांत एक अज्ञात, प्राणघातक रोग पसरल्यावर तपासाचे काम स्टील यांच्याकडे आले. रक्ताची तपासणी करताना त्यांना तसेच वळवळणारे सजीव दिसले. ताप ठरावीक अंतराने उलटत होता. तापाच्या दिवसांत रक्तात परजीवी दिसत, मधल्या दिवसांत ते नाहीसे होत आणि पुढच्या तापाबरोबर पुन्हा प्रकट होत. इव्हान्स यांनी वर्णन केलेला सर्रा बहुधा हाच, असे मत स्टील यांनी मांडले.

हे मत मांडताना त्यांनी केलेली एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. आपल्या १८८५ च्या अहवालात त्यांनी इव्हान्स यांचा पाच वर्षांपूर्वीचा अहवाल पुन्हा संपूर्ण छापला आणि त्याचा उल्लेख शीर्षकातच केला. सरकारी अहवालांच्या जगात हे सहसा घडत नसे. दुसऱ्याच्या दुर्लक्षित कामावर आपले काम उभे राहते, तेव्हा त्याचे नाव तळटीपेत देऊन भागवण्याचीच रीत होती. सर्राच्या तपासाचा धागा त्यामुळे तुटला नाही.

परजीवीचे वर्गीकरण करताना मात्र स्टील चुकले. त्यांनी तो स्पायरोकीट, म्हणजे मळसूत्रासारखा वेटोळेदार जिवाणू मानला आणि त्याला स्पायरोकीटा इव्हान्सी असे नाव दिले. चुकीचे कारण त्या काळाच्या वैद्यकात सापडते. माणसाच्या पुनरावर्ती तापात रक्तात स्पायरोकीट असतात, हे ऑटो ओबरमायर यांनी बर्लिनमध्ये दाखवून दिले होते. १८७७ च्या दुष्काळात उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत आले तेव्हा हाच ताप शहरात पसरला आणि हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी त्याचा सविस्तर अभ्यास करून १८८२ मध्ये ग्रंथ लिहिला. (ग्रेच्या प्रसिद्ध शरीररचना ग्रंथातील चित्रे काढणारे कार्टर ते हेच.) ताप उलटतो, त्याबरोबर रक्तातील सजीव येतात आणि जातात; हा सारा नमुना खेचरांच्या रोगाशी तंतोतंत जुळत होता. त्यामुळे हा खेचरांचा पुनरावर्ती ताप होय, असे स्टील यांना वाटले.

उपलब्ध साधनेही अपुरी होती. रक्ताचा पातळ थर काचपट्टीवर सुकवून रंगवण्याची आज रूढ असलेली पद्धत तेव्हा नव्हती. रोमानोव्हस्की यांचे रंजकावरील काम १८९१ चे, म्हणजे स्टील यांच्या मृत्यूच्या वर्षाचे. लीशमन व गिम्झा यांची रंजके त्याहूनही पुढची. स्टील यांच्यासमोर होता तो ताज्या रक्ताचा न रंगवलेला थेंब. त्यात हा परजीवी स्वतः नीट दिसण्याआधी त्याच्या धक्क्याने हलणाऱ्या तांबड्या पेशी दिसतात. घोड्याची तांबडी पेशी साधारण साडेपाच ते सहा मायक्रोमीटर व्यासाची असते आणि परजीवीची लांबी तिच्या कित्येक पट भरते. त्याच्या कडेने एक पातळ पटल जाते व त्याच्या टोकाशी कशाभिका असते. पटल लाटेसारखे हलते आणि जोरात हालचाल चालू असताना ती लाट वेटोळ्यांसारखी भासते. पेशीतील केंद्रक रंगाशिवाय उठून दिसत नाही. हा जिवाणू नसून केंद्रकयुक्त एकपेशीय प्राणी आहे, हे ठरवायला केंद्रकच दिसणे आवश्यक होते.

ताप उलटण्याविषयीचे त्यांचे निरीक्षण मात्र पूर्णपणे बरोबर होते. त्याचे कारण विसाव्या शतकात समजले. हा परजीवी आपल्या पृष्ठभागावरील प्रथिनांचे आवरण वरचेवर बदलतो. जनावराच्या शरीरात एका आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन बहुतेक परजीवी मरतात, तोवर वेगळे आवरण धारण केलेले थोडे वाचतात आणि त्यांचीच पुढची पिढी वाढते. रक्तात परजीवी न दिसणाऱ्या दिवसांत तपासलेला नमुना निर्दोष वाटतो तो यामुळेच. सर्राची शंका असलेल्या जनावराचे रक्त ताप चढलेला असताना व एकाहून अधिक वेळा तपासावे, ही आजच्या प्रयोगशाळांतील सूचना याच गोष्टीवर आधारलेली आहे.

== नावाचा पुढील प्रवास ==

एडगर क्रुकशँक यांनी १८८६ मध्ये या परजीवीची रचना तपासून त्याचे कडेचे पटल व कशाभिका यांचे वर्णन केले आणि तो स्पायरोकीट नसल्याचे स्पष्ट केले. बाल्बियानी यांनी १८८८ मध्ये त्याचा समावेश ट्रिपॅनोसोमा या प्रजातीत केला. प्राणिशास्त्राच्या नामकरण नियमांनुसार प्रजाती बदलली तरी जातिनाम प्रथम देणाऱ्याचे श्रेय कायम राहते. फक्त त्याचे नाव कंसात जाते. म्हणून या परजीवीचे संपूर्ण शास्त्रीय नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी (स्टील, १८८५) बाल्बियानी, १८८८ असे लिहितात. शोध लावणारा, नाव देणारा आणि वर्गीकरण सुधारणारा असे तिघेही त्यात आले आहेत. रोगकारक ठरलेला हा पहिला ट्रिपॅनोसोम होय. आफ्रिकेतील नगाना रोगाच्या परजीवीवरील डेव्हिड ब्रूस यांचे काम त्यानंतर सुमारे १५ वर्षांनी झाले.

सर्राचे संशोधन पुढे महाराष्ट्रातच काही काळ चालले. डिसेंबर १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांतील सर्राचा दीर्घकाळ अभ्यास केला. ही प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. रक्त पिणाऱ्या टॅबॅनस माश्या हा रोग एका जनावरातून दुसऱ्यात नेतात, हे लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ च्या सुमारास प्रयोगाने दाखवले. चावणाऱ्या माश्यांमुळे हा रोग होतो, असे पंजाबातील लोक इव्हान्स यांना आधीच सांगत होते.

माणसाच्या रक्तरसातील एक प्रथिन या परजीवीला मारते, म्हणून सर्रा माणसाला होत नाही, असे दीर्घकाळ मानले गेले. विदर्भातील चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात २००४ मध्ये हा परजीवी आढळला. त्या रुग्णाच्या शरीरात ते संरक्षक प्रथिनच तयार होत नव्हते, असे नंतरच्या तपासणीत दिसून आले. औषधोपचाराने तो बरा झाला.

== बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज ==

मुंबईतील गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले होते. त्याला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव देण्यात आले. या रुग्णालयाच्या आधाराने २ ऑगस्ट १८८६ रोजी महाविद्यालय सुरू झाले आणि ब्रह्मदेशाचा तपास नुकताच संपवलेले स्टील त्याचे प्राचार्य झाले. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता व तो पूर्ण करणाऱ्यास जी.बी.व्ही.सी. ही पदविका मिळे. नाल ठोकणारे, सलोत्री आणि घोड्यांची देखभाल करणारे पिढीजात कारागीर देशात पुष्कळ होते. शवविच्छेदन करून रोगाचे कारण शोधणारा, ऊती व रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा नागरी पशुवैद्यक मात्र मुंबई इलाख्यात प्रथम येथेच घडू लागला. रुग्णालय शेजारी असल्यामुळे विद्यार्थ्यांना शहरातील टांग्यांचे घोडे, बैल, कुत्री असे नाना प्रकारचे रुग्ण पाहायला मिळत.

आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात हे दीर्घकाळ एकमेव पशुवैद्यकीय महाविद्यालय होते. नागपूरचे महाविद्यालय १९५८ मध्ये आणि मराठवाड्यातील परभणीचे १९७२ मध्ये निघाले. ही तिन्ही महाविद्यालये आता नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहेत.

== ग्रंथलेखन ==

हत्तींचे रोग व त्यांची निगा यांवरील स्टील यांचे पुस्तक १८८५ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध झाले. त्यानंतर कुत्रा (१८८८), मेंढी (१८९०) आणि उंट (१८९०) यांच्या रोगांवरील ग्रंथ आले. हत्तींवर पुढे ब्रह्मदेशातून लिहिणारे जी. एच. इव्हान्स आणि सर्राचे ग्रिफिथ इव्हान्स या दोन भिन्न व्यक्ती आहेत.

एका लेखकाने इतक्या निरनिराळ्या प्राण्यांवर लिहिण्यात धोका होताच आणि या ग्रंथांत संकलनाचा भाग मोठा आहे. तरीही भारतात काम करणाऱ्या पशुवैद्यकाला याची नड होती. घोड्यावर शिकलेले ज्ञान उंटाला किंवा हत्तीला जसेच्या तसे लागू पडत नाही. हा फरक रक्ताच्या थेंबातही दिसतो: उंटाच्या तांबड्या पेशी इतर सस्तन प्राण्यांप्रमाणे वाटोळ्या नसून लंबगोल असतात, तर हत्तीच्या तांबड्या पेशी सस्तन प्राण्यांतील सर्वांत मोठ्या पेशींत मोडतात. इंग्लंडमधील पाठ्यपुस्तकांना या प्राण्यांशी फारसे कर्तव्य नव्हते.

== मृत्यू व स्मृती ==

स्टील यांचे जानेवारी १८९१ मध्ये मुंबईत निधन झाले. त्यांचे वय पस्तिशीच्या आसपास होते आणि महाविद्यालय सुरू होऊन पाच वर्षेही झाली नव्हती. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सतर्फे जॉन हेन्री स्टील स्मृतिपदक देण्यात येऊ लागले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात या पदकाने सन्मानित झालेल्यांत ग्रिफिथ इव्हान्स हेही होते. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. इव्हान्स पुढे १९३५ मध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून वारले.