राशी: ज्यू धर्मग्रंथांतले अवघड शब्द सोपे करून सांगणारे टीकाकार

'राशी' म्हटलं की मराठी माणसाला मेष, वृषभ, मिथुन आठवतं. ज्यू समाजात मात्र हे एका माणसाचं नाव आहे. रब्बी श्लोमो यित्झाकी या नावातली आद्याक्षरं जोडून ते तयार झालं. आज जगात कुठेही तालमूद हा ग्रंथ उघडला, की मूळ मजकुराच्या शेजारी राशींची टीका दिसते.

टीका म्हणजे इथे दोष काढणं नव्हे, तर ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणं. आपल्याकडे कालिदास वाचताना मल्लिनाथाचा हात धरतात, तसा तालमूद वाचताना राशींचा धरतात.

त्रुआ गावातला विद्यार्थी

राशींचा जन्म 1040 मध्ये उत्तर फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या त्रुआ या गावी झाला. त्या काळी ज्यू विद्येची मोठी केंद्रं ऱ्हाइन नदीकाठी, आजच्या जर्मनीतल्या माइन्झ आणि वर्म्स या शहरांत होती. तिथल्या धर्मशाळांना 'येशिवा' म्हणतात. तरुण राशींनी या दोन्ही शहरांत अध्ययन केलं.

पुढे ते त्रुआला परतले आणि 1070 च्या सुमारास त्यांनी स्वतःची येशिवा सुरू केली. द्राक्षमळ्यांवर त्यांचा चरितार्थ चालायचा, असं परंपरा सांगते.

अडचण नेमकी काय होती?

ज्यू धर्माचा पाया म्हणजे तोरा, अर्थात मोशेचे पाच ग्रंथ. तोंडी चालत आलेले नियम इसवी सन 200 च्या सुमारास एकत्र करण्यात आले, तो ग्रंथ म्हणजे मिश्ना. मिश्नावर पुढच्या विद्वानांनी केलेली चर्चा म्हणजे गमारा. मिश्ना आणि गमारा मिळून तालमूद होतो.

हा तालमूद हिब्रू आणि अरामी अशा दोन भाषांत आहे. त्यात विरामचिन्हं नाहीत, स्वरचिन्हंही नाहीत. प्रश्न कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झालं, हेच कळत नाही. शिवाय ही चर्चा झाली बॅबिलोनियात. तिथली झाडं, भांडी, अवजारं फ्रान्समधल्या वाचकानं कधी पाहिलेलीच नव्हती.

आणि शब्द चुकला तर आचरण चुकतं. 'शब्बाथ' म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत पाळायची विश्रांती. (कोकणातल्या बेने इस्राएली लोकांना 'शनवार तेली' हे नाव पडलं ते याच विश्रांतीमुळे. शनिवारी त्यांचे घाणे बंद असायचे.) त्या दिवशी कोणतं काम करायचं नाही, त्याचे 39 प्रकार मिश्नाने सांगितले आहेत. त्याला 'मेलाखा' म्हणतात. नांगरणं, पेरणं, मळणं, लोकर पिंजणं, सूत कातणं, विणणं वगैरे. यातलं एखादं काम म्हणजे नक्की कोणतं, हे समजलंच नाही तर माणूस नियम पाळणार कसा?

राशींनी काय केलं?

त्यांनी तोरासह जवळपास सगळ्या हिब्रू बायबलवर आणि तालमूदच्या बहुतेक भागांवर टीका लिहिली. तिची पद्धत साधी होती. मूळ शब्द घ्यायचा आणि थोडक्यात अर्थ सांगायचा. वाक्य प्रश्नार्थक आहे की विधान आहे, हेही जिथल्या तिथे सांगायचं.

तेवढ्यानं भागलं नाही, तर ते शेजारच्या बाजारात बोलला जाणारा फ्रेंच शब्द हिब्रू लिपीत लिहून टाकत. अशा शब्दाला 'लाअझ' म्हणतात. त्यांच्या टीकांमध्ये असे तीन हजारांहून जास्त शब्द आहेत. त्या काळातलं लिखित फ्रेंच फारसं उरलेलं नाही. त्यामुळे जुन्या फ्रेंचच्या अभ्यासकांसाठी एका रब्बींच्या धार्मिक टीका मोलाचं साधन ठरल्या.

तोरावरच्या टीकेत आणखी दोन शब्द महत्त्वाचे आहेत. 'पशात' म्हणजे वाक्याचा सरळ अर्थ आणि 'द्राश' म्हणजे त्यातून काढलेला बोध किंवा कथा. राशी दोन्ही देतात, पण सरळ अर्थाचं भान सोडत नाहीत. काही ठिकाणी तर आपल्याला हे कळलेलं नाही, असं ते मोकळेपणानं लिहितात.

1096 चं संकट

राशी पन्नाशी ओलांडून गेले असताना पहिलं धर्मयुद्ध सुरू झालं. 1096 मध्ये जमावांनी ऱ्हाइनकाठच्या ज्यू वस्त्यांवर हल्ले केले. वर्म्स आणि माइन्झमध्ये मोठी कत्तल झाली. राशी जिथे शिकले, तीच ही शहरं.

जीव वाचवण्यासाठी काहींनी बाप्तिस्मा घेतला होता. अशा जबरदस्तीनं धर्मांतर झालेल्यांना 'अनुसीम' म्हणतात. ते परत आले तेव्हा प्रश्न उभा राहिला, त्यांना आपलं मानायचं का? राशींचा कल स्पष्ट होता. पाप घडलं तरी ज्यू माणूस ज्यूच राहतो, आणि परतलेल्याला मागच्या गोष्टीवरून टोचून बोलू नये.

मुली, नातू आणि अपुरं राहिलेलं काम

योखेवेद, मिर्याम आणि राखेल या त्यांच्या तीन मुली. जावई आणि नातू मोठे विद्वान निघाले. 1105 मध्ये राशींचं निधन झालं, तेव्हा तालमूदमधल्या 'मक्कोत' या भागावरची टीका अपुरी होती. ती एका जावयानं पूर्ण केली. 'बावा बात्रा'वरचं अर्धवट काम नातू श्मुएल यांनी पुरं केलं.

1475 मध्ये इटलीत राशींची तोरावरची टीका छापली गेली. छपाईची तारीख असलेलं हे सर्वांत जुनं हिब्रू पुस्तक मानलं जातं. त्यातल्या वळणदार अक्षरांना पुढे 'राशी लिपी' हे नाव पडलं, पण राशींनी स्वतः ती लिपी कधी वापरली नव्हती.

नातू श्मुएल यांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. सरळ अर्थ रोज नव्यानं उमगतो आहे, वेळ मिळाला असता तर सगळ्या टीका पुन्हा लिहिल्या असत्या, अशी कबुली आजोबांनी त्यांच्याजवळ दिली होती. ते काम राहून गेलं. पण नऊशेहून अधिक वर्षांनंतरही तोरा शिकायला बसलेल्या मुलाला अवघड शब्द आला, की तो आधी राशी काय म्हणतात ते पाहतो.