शब्दाची परीक्षा

भाईंदरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की नजर आपोआप डब्याच्या भिंतीवर जाते. तिथे कुणा ना कुणा बाबाची जाहिरात चिकटवलेली असते. नोकरी, लग्न, कोर्टकचेरी, सगळे काही तासांत फत्ते! हसून सोडून द्यावी अशी गोष्ट. पण अडलेला माणूस हसत नाही, पत्ता टिपून घेतो. अशा वेळी मला हटकून पंडिता रमाबाई आठवतात. देवाच्या नावाने दिलेल्या शब्दाची एवढी जबर किंमत फार थोड्यांनी मोजली असेल.

२३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले होते, आईने रमाबाईंना. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरू लागले. दुष्काळ आला. पोथ्यांतून सांगितलेली व्रते, जप, दाने सारे यथासांग झाले. पुंजी संपली, फळ मिळाले नाही. मोलमजुरी करायला जातीचा अभिमान आड येत होता. १८७४ पासून आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याच काळात एकामागून एक गेली.

उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. हिमालयातील रवाळसर तळ्यावर तरंगते डोंगर आहेत आणि ते पुण्यवानाकडे आपण होऊन येतात, असे त्यांनी ऐकले होते. भावाने पहाटे जाऊन पाहिले, तर ते मातीने मढवलेले तराफे निघाले आणि मागून पुजारी ते ढकलत होता! ही हकिकत रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवली.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. छोट्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यात आल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! परंतु नव्या धर्मातही धर्मगुरू म्हणतात म्हणून मान डोलवायची, हे त्यांना जमले नाही. तिथेही त्या वाद घालीत, शंका विचारीत राहिल्या.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रियांचा संसार सांभाळताना, उतारवयाकडे झुकल्यावर, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. त्यातला हिब्रू भाग नबींच्या वाणीने भरलेला आहे. नबी हा शब्द आपल्याला परका नाही. मीरा रोडच्या मुसलमान शेजाऱ्यांच्या बोलण्यात तो असतो. कोकणातले बेने इस्रायल एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा करतात.

गंमत अशी, की या ग्रंथांनीच नबीवर शंका घ्यायची मुभा दिली आहे. अनुवाद या पुस्तकात कसोटी स्पष्ट आहे : देवाच्या नावाने सांगितलेले घडले नाही, तर ते देवाचे बोलणे नव्हे. हनन्या दोन वर्षांत बाबेलचे जोखड मोडेल असे गोड भाकीत करतो; यिर्मयाला ते खरे व्हावेसे वाटते, तरी तो लोकांना खोट्या आशेवर राहू देत नाही. योना चाळीस दिवसांत निनवे उलथणार म्हणतो, लोक पश्चात्ताप करतात, शहर वाचते आणि नबीच रागावतो! म्हणजे भाकीत हा नुसता भविष्याचा अंदाज नाही; माणसाने वागणे सुधारावे म्हणून दिलेला तो इशाराही असतो. गिदोन तर खुद्द देवालाच दोनदा खूण मागतो, आणि देव रागावत नाही.

शंका म्हणजे अश्रद्धा, असे आपण मुलांना नकळत शिकवतो. रमाबाईंचे आयुष्य मला याच्या उलट सांगते. भुकेल्या घराला आशा विकणाऱ्या शब्दावर शंका घेणे हे दयेचेच काम आहे.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. मुक्तीतल्या बायकांनी स्वतः खिळे जुळवून छापलेले ते भाषांतर १९२४ मध्ये पुरे बाहेर आले. पुजाऱ्याने किंवा पाद्र्याने सांगितलेले मुकाट मानण्याऐवजी साध्या बाईला स्वतः वाचून पारखता यावे, एवढी सोय त्या मागे ठेवून गेल्या.